स्क्रॅच डिस्क भरली म्हणतो, पण हार्ड डिस्क तर अर्धी रिकामी आहे!

चिराखाण

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. वर्षभर पासपोर्ट फोटो आणि लग्नं, श्रावण लागला की फ्लेक्सची डिझाइनं. गणपती एकोणीस दिवसांवर आलेत आणि माझं मशीन संपावर गेलंय.

मशीन असं: आय-फाइव्ह, आठव्या पिढीचं. रॅम १६ जीबी. सी ड्राइव्ह १२० जीबीची एसएसडी, डी ड्राइव्ह १ टीबीची साधी हार्ड डिस्क, तिच्यात सहाशे जीबी मोकळी. विंडोज १०.

दुखणं असं: दहा बाय चारचा फ्लेक्स उघडला, चार-पाच फोटो त्यात ओढले की फोटोशॉप आचके द्यायला लागतं. ब्रश फिरवला की रेघ उमटायला तीन सेकंद. मग पाटी येते, स्क्रॅच डिस्क भरली आहे, काम पूर्ण होऊ शकत नाही. अहो, सहाशे जीबी मोकळी असताना भरली कुठून? आणि ज्येष्ठापर्यंत हे नव्हतं. मशीन तेच, कामं तीच.

केलेले उपाय: प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सला जाऊन मेमरीची पट्टी ७० टक्क्यांवरून १०० वर नेली. उलट जास्तच रडायला लागलं. पर्ज ऑल केलं, म्हणजे फोटोशॉपने मेमरीत धरून ठेवलेलं सगळं रिकामं केलं, पाच मिनिटं बरं वाटलं. डी ड्राइव्हवरची जुनी लग्नं बाहेरच्या डिस्कवर हलवली, शष्प फरक नाही. तालुक्याच्या दुकानातला मुलगा म्हणतो आणखी १६ जीबी रॅम टाका, विमानासारखं चालेल.

तर रॅम घेऊ की मोठी एसएसडी? दोन्ही घेण्याइतकं फ्लेक्समध्ये सुटत नाही.

जाता जाता: मोठी फाइल पीएसडीत (फोटोशॉपच्या नेहमीच्या फाइलीत) सेव्हच होत नाही, पीएसबी (मोठ्या फाइलींचा प्रकार) करा म्हणतो. तेही याच दुखण्यातलं का?

माड_पोफळी

मशीन संपार नाय गेला ओ, तेका पण गणपतीची सुटी व्हयी. चाकरमानी इले काय आपसूक चालू होतला.

चाकरमानी_डोंबिवली

आमच्या नावाने बिलं फाडू नका. आम्हाला अजून गाडीचं तिकीट मिळालेलं नाही.

पडवीकर

चिराखाणभाऊ, काही विकत घेऊ नका. आधी तीन गोष्टी बघून सांगा.

एक, रॅम पुरली नाही की फोटोशॉप डिस्कवरची जी जागा वापरतं ती स्क्रॅच डिस्क, आणि प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्क्स असं वेगळं पान आहे. तिथे टिकमार्क कुठल्या ड्राइव्हसमोर आहे? दोन, सी ड्राइव्हवर नेमकी किती जागा उरली आहे? डीचं नको, सीचं सांगा. तीन, फ्लेक्सची फाइल किती रिझोल्यूशनवर, म्हणजे इंचाला किती पिक्सेल धरून, करता?

तिसऱ्याचं उत्तर तुम्ही नकळत दिलंय असं वाटतं. पीएसडी फाइल लांबी-रुंदी दोन्हीकडे ३०,००० पिक्सेलच्या पुढे जाऊ देत नाही. दहा फूट म्हणजे १२० इंच. ३०० ने गुणा, ३६,००० झाले. म्हणून पीएसबी मागतोय, त्याची मर्यादा ३,००,००० आहे. म्हणजे तुम्ही फ्लेक्स ३०० वर करताय. बरोबर ना?

सुरंगीचा_गजरा

वेंगुर्ल्याहून. मी अल्बम डिझाइन करते, म्हणून दोन शब्द. मेमरी १०० टक्के करणं ही चूक झाली, पण "७० ला हात लावू नका" असंही काही नाही. माझ्याकडे ३२ जीबी आहे, मी ८५ वर ठेवते आणि सीझनमध्ये त्याच मशीनवर दुसरं काहीही उघडत नाही, ब्राउझरसुद्धा नाही. तुमच्या १६ मध्ये ७०-७५ बरं. आणि बदल केल्यावर फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडायचं, नाहीतर जुनाच आकडा चालू राहतो. हे कितीजण विसरतात!

दुसरं, त्या फ्लेक्सवर शुभेच्छुक किती असतात?

चिराखाण

@सुरंगीचा_गजरा ताई, हसू नका. बत्तीस.

सुरंगीचा_गजरा

आणि बत्तीसच्या बत्तीस फोटो कॅमेऱ्यातून थेट ओढून, कोपरा धरून सुपारीएवढे केलेले?

चिराखाण

कसं ओळखलंत?

सुरंगीचा_गजरा

कारण मीही तेच करायची. फोटो ओढून टाकला की तो स्मार्ट ऑब्जेक्ट होतो. दिसायला सुपारीएवढा, पण मूळ २४ मेगापिक्सेलचा आख्खा फोटो फाइलच्या पोटात बसलेला असतो. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० गुणिले ४०००, प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट, उघडल्यावर सुमारे ७० एमबी. असे बत्तीस शुभेच्छुक म्हणजे सव्वादोन जीबी नुसते चेहरे. सगळे एकदम रॅममध्ये येऊन बसत नाहीत, पण फाइल फुगते ती फुगतेच. आधी वेगळ्या फाइलमध्ये चेहरा कापा, हवा तेवढा लहान करा, मग फ्लेक्सवर आणा. किंवा बसवून झाल्यावर लेयरवर उजवी क्लिक करून रास्टराइझ, म्हणजे पोटातला मूळ फोटो जातो आणि दिसतो तेवढाच उरतो.

माड_पोफळी

३२ शुभेच्छुकांत सरपंचाचो फोटो मोठो की आमदाराचो? खरो लोड थंय असता. रॅमचो काय घेऊन बसलास.

चिराखाण

@पडवीकर, बघितलं. स्क्रॅचला फक्त सीसमोर टिक आहे. डीचं नाव खाली दिसतंय, पण चौकोन कोरा. आणि सीवर मोकळी जागा ३.८ जीबी!! लाल पट्टी झाली आहे. मी कधी बघितलंच नव्हतं, कारण सीवर मी काही ठेवत नाही. विंडोज, फोटोशॉप आणि फॉन्ट, बस. ३.८ कशी उरली देव जाणे.

हो, ३०० वरच करतो. शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं, प्रिंट म्हटलं की ३००.

पडवीकर

आता चित्र स्पष्ट झालं. तुमच्या डीवर सहाशे काय सहा हजार जीबी मोकळी असती तरी फोटोशॉपला काय? त्याला तिकडे जायची परवानगीच नाही.

मेमरीचं असं समजा. घरात कार्य आहे. पंगत माजघरात बसते, ती रॅम. माणसं जास्त झाली की पडवीत पानं मांडायची, ती स्क्रॅच डिस्क. पडवीत वाढायला वेळ लागतो, वाढप्याला उंबरा ओलांडून जावं लागतं, पण कोणी उपाशी राहत नाही. तुमच्याकडे पडवी म्हणजे सी ड्राइव्ह, आणि तिथे कोणीतरी आधीच लाकडं रचून ठेवलीत.

१०० टक्क्यांनी काय झालं, तर तुम्ही आख्खं माजघर पंगतीला दिलं, चुलीची जागासुद्धा. विंडोजला स्वतःला बसायला जागा हवी ना? मग विंडोज आपलं सामान पेजफाइलमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पडवीत, टाकायला लागलं, आणि ती पेजफाइलही सीवरच. म्हणजे एकाच भरलेल्या डिस्कवर फोटोशॉप आणि विंडोज दोघांची ओढाताण. जास्त रडायला लागलं ते म्हणून.

तर आत्ता लगेच: पट्टी ७० वर आणा, स्क्रॅचमध्ये डीसमोर टिक करा, सीची काढा. फोटोशॉप कधी उघडायलाच नकार देऊ लागलं तर घाबरू नका. आयकॉनवर डबल क्लिक करताच कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा, स्क्रॅच निवडायची खिडकी आधी येते.

आणि खाली डाव्या कोपऱ्यात फाइलचा आकार दिसतो, तिथल्या बाणावर क्लिक करून एफिशिअन्सी निवडा. १०० असेल तर सगळी पंगत माजघरात. आकडा खाली आला की समजायचं, पडवीत पानं मांडली. तो सतत खाली राहत असेल तरच रॅमचा विचार करा.

चाकरमानी_डोंबिवली

पंगतीचं वाचून भूक लागली. काळ्या वाटाण्याचं सांबार रॅममध्ये की स्क्रॅचमध्ये?

माड_पोफळी

@चाकरमानी_डोंबिवली, तां थेट प्रोसेसरात.

खंड्या_देवगड

एक असहमती. स्क्रॅच साध्या हार्ड डिस्कवर नेणं म्हणजे पडवीतून थेट शेजारच्या वाडीत पंगत मांडणं. साधी डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, सॅटा एसएसडी पाचशेच्या आसपास. आणि स्क्रॅचचं वाचन-लेखन तुकड्यातुकड्यांत चालतं, तिथे हार्ड डिस्क आणखी मागे पडते. पाटी येणार नाही हे खरं, पण आचके जाणार नाहीत. सीवर जागा करा आणि स्क्रॅच एसएसडीवरच ठेवा असं माझं मत.

पडवीकर

@खंड्या_देवगड, तत्त्वतः मान्य. पण ३.८ जीबीत तत्त्व बसत नाही. आधी फ्लेक्स पूर्ण होऊ दे. दोन्हींवर टिक करून सी वर आणि डी खाली असा क्रमही लावता येतो, वरची भरली की खालची वापरतो. पण विंडोजच्या डिस्कवर स्क्रॅच ठेवायचीच असेल तर तिथे वीसेक जीबी तरी कायम मोकळी हवी.

फुकट_फौजदार

गिंप वापरा, फोटोशॉपसारखंच फुकटचं सॉफ्टवेअर. प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिम रिसोर्सेसला टाइल कॅशचा (त्याने किती रॅम वापरायची त्याचा) आकार थेट जीबीत लिहिता येतो, टक्केवारीचा घोळच नाही. स्वॅप फोल्डर कुठे हवं तेही सांगता येतं. आणि एक रुपया द्यावा लागत नाही.

सुरंगीचा_गजरा

आणि गिऱ्हाइकाने पीएसडी मागितली की?

फुकट_फौजदार

पीएसडी उघडते, सेव्हही होते.

सुरंगीचा_गजरा

उघडते हो. उघडल्यावर मजकूर आणि स्मार्ट ऑब्जेक्ट जसेच्या तसे राहतात का, तेवढं सांगा.

फुकट_फौजदार

...तेवढं सोडून सगळं उघडतं.

धक्क्यावरचा

हर्णै. ३०० चा विषय निघालाय म्हणून. मी फ्लेक्स छापणाऱ्याकडे तीन वर्षं कामाला होतो. आमच्याकडे येणाऱ्या फाइलींत ३०० वाल्या वेगळ्या ओळखू यायच्या, कारण त्या उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. छापायच्या आधी आम्हीच त्या ७२ वर आणायचो. गिऱ्हाइकाला सांगत नव्हतो, उगाच त्याचं मन कशाला मोडा.

फ्लेक्स एसटी स्टँडवर वीस फुटांवरून बघतात, नाकाला लावून नाही. पासपोर्ट फोटो, पत्रिका, अल्बम हे हातात धरून बघायचं, त्याला ३००. मोठ्या फ्लेक्सला ७२ चालतं, बारीक अक्षरं असतील तर १००.

पडवीकर

@धक्क्यावरचा, धन्यवाद, मी याच आकड्यांवर येत होतो. दहा बाय चार, ३०० वर: ३६,००० गुणिले १४,४००, म्हणजे ५१ कोटी ८४ लाख पिक्सेल. सीएमवायके (छपाईचे चार रंग) असेल तर प्रत्येकी चार बाइट. एकच सपाट लेयर जवळपास दोन जीबी. १०० वर तोच लेयर सुमारे २२० एमबी. ७२ वर ११५ च्या आसपास. त्यावर हिस्टरीच्या, म्हणजे केलेलं मागे घेण्याच्या, ५० पायऱ्या. प्रत्येक पायरीला बदललेला भागच साठवला जातो, पण आख्ख्या पार्श्वभूमीला ब्लर मारलात की आख्खी पार्श्वभूमी साठवावी लागते. चार वेळा मारून चार वेळा नको म्हटलंत की संपलं. हिस्टरी २० केली तरी पुष्कळ.

चिराखाण

म्हणजे सरांनी सांगितलं ते चूक?

धक्क्यावरचा

सरांनी पत्रिकेसाठी सांगितलं असेल. तुम्ही ते फ्लेक्सला लावलंत.

वाशिष्ठीकाठी

थोडं अवांतर. चिपळूणहून. तुम्ही सगळे मेमरी आणि डिस्कबद्दल बोलताय, कोणी जागेबद्दल बोललं नाही. जागा म्हणजे सीपीयू कुठे ठेवलाय ती. २२ जुलै २०२१ ला आमच्या दुकानात पाणी शिरलं तेव्हा सीपीयू टेबलाखाली होता, बाहेरची बॅकअपची डिस्क टेबलाच्या खणात. दोन्ही एकाच पाण्यात. अकरा वर्षांची लग्नं गेली. लोक अजून येतात, "आमच्या बाबांचा त्या लग्नातला एक फोटो मिळेल का?" बाबा आता नसतात. काय सांगणार?

आता सीपीयू भिंतीला कंस मारून खांद्याच्या वर, आणि एक डिस्क बहिणीकडे साताऱ्याला. चिराखाण, तुम्ही लग्नं "बाहेरच्या डिस्कवर हलवली" म्हणालात. हलवली म्हणजे डीवरून पुसली ना? म्हणजे आता एकच प्रत.

चिराखाण

@वाशिष्ठीकाठी, वाचून पोटात गोळा आला. हो, एकच प्रत. आज रात्री परत डीवर कॉपी लावतो.

खंड्या_देवगड

वाशिष्ठीकाठींना +१.

मी पक्ष्यांचे फोटो काढतो, ते लावायला-सुधारायला लाइटरूम वापरतो. सी भरण्याचं माझ्याकडचं कारण वेगळं होतं, इथे कुणाला उपयोगी पडेल. त्याच्या कॅटलॉगच्या (फोटोंच्या नोंदवहीच्या) शेजारी प्रिव्ह्यूजचं फोल्डर असतं, ते वाळवीसारखं वाढतं. एकास-एक (पूर्ण आकाराचे) प्रिव्ह्यू किती दिवसांनी टाकून द्यायचे ते कॅटलॉग सेटिंग्जमध्ये असतं. माझं "कधीच नाही" वर होतं, तीस दिवसांवर आणलं. आणि जुन्या फोटोंसाठी स्मार्ट प्रिव्ह्यू करून ठेवतो, लांब बाजू २५६० पिक्सेल, वेबसाठी भागतं. मूळ रॉ फाइली बाहेरच्या डिस्कवर.

दुसरं, खास आपल्याकडचं. माझं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. गेल्या पावसाळ्यात १६ जीबीचं मशीन अचानक ८ दाखवायला लागलं. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी, तिथे कळलं. मी म्हटलं एक पट्टी मेली. उघडून बघितलं तर खाऱ्या हवेने खाचेत आणि पट्टीच्या सोनेरी दातांवर काळपट थर. मशीन बंद, प्लग काढलेला, लोखंडी खिडकीला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, आणि पोरीच्या कंपासमधलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने दातांवर फिरवलं. रबराचा चुरा ब्रशने झाडला, पट्टी खट् आवाज येईपर्यंत दाबली. १६ परत. खर्च शून्य. पोरीने खोडरबर काळं केलं म्हणून भांडण केलं ते वेगळं. चिराखाण, तुम्हीही एकदा आकडा बघा.

माड_पोफळी

खोडरबरान रॅम पुसली तर मेमरी जायत ना? माझ्या बायलेचा डोक्या पण असाच पुसूक व्हया, २००९ पासूनचा सगळा ध्यानात ठेवल्यान हा.

सुरंगीचा_गजरा

@माड_पोफळी, वहिनींचा आयडी कोणता आहे इथे? सहज विचारते.

माड_पोफळी

धागो भरकटता हा. मूळ विषयार येवया.

चिराखाण

माझी रॅम बघितली, १६ दाखवतेय. एक काळजी गेली. हिस्टरी २० केली, पट्टी ७०, स्क्रॅच डीवर. पाटी यायची थांबली. पण मूळ कोडं तसंच आहे. सीवर मी काही ठेवत नाही तर ११० जीबी खाल्ली कोणी?

पडवीकर

फोटोशॉप पूर्ण बंद करा. स्टार्टवर उजवी क्लिक, रन. टक्क्याच्या दोन खुणांच्या मध्ये टेम्प लिहा, एंटर. उघडेल त्या फोल्डरात फाइली आकाराप्रमाणे लावा. सगळ्यात वर काय आहे ते सांगा. अजून पुसू नका.

चिराखाण

पडवीकर, तुम्हाला दंडवत.

"फोटोशॉप टेम्प" आणि पुढे लांबलचक आकडे, अशा पाच फाइली. सगळ्यात मोठी १४ जीबी, सगळ्यात छोटी ९. मिळून ५८ जीबी! आणि गंमत म्हणजे तारखा. पाचही याच महिन्यातल्या. मी टेबलावरचं कॅलेंडर काढलं, त्यावर बायको लाइट गेली की फुली मारते, तिच्या मिक्सरच्या वाटणाचा खोळंबा होतो म्हणून. पाचही फाइली फुलीच्या दिवशीच्या. एका दिवशी दोन फुल्या, त्या दिवशी दोन फाइली.

पडवीकर

सापडला चोर. फोटोशॉप नीट बंद केलं की जाताना आपली टेम्प फाइल स्वतः पुसतं, जेवणारे उठल्यावर पत्रावळी उचलतात तसं. लाइट गेली की पत्रावळी तशाच. पुढच्या वेळी नवीन फाइल. पाच वेळा लाइट गेली, पाच पंगतींच्या पत्रावळी पडवीत पडून. ज्येष्ठापर्यंत दुखणं का नव्हतं, त्याचंही उत्तर यातच. फोटोशॉप बंद असताना बिनधास्त पुसा.

रॅम घेतली असतीत तर पैसे गेले असते, सी तशीच भरलेली राहिली असती. आणि पुढच्या लाइटीला सहावी फाइल.

चाकरमानी_डोंबिवली

थोडक्यात, वहिनींचं कॅलेंडर हा खरा सिस्टिम लॉग.

धक्क्यावरचा

चिराखाण, एक विचारतो. इन्व्हर्टर नाही का तुमच्याकडे?

चिराखाण

आहे की. मोठा आहे. पंखे, ट्यूब, टीव्ही सगळं चालतं. पण लाइट गेली की कॉम्प्युटर मात्र बंद होऊन पुन्हा चालू होतो. दुकानदार म्हणाला, कॉम्प्युटरला वेगळा यूपीएस लागतोच.

धक्क्यावरचा

लागतोच असं नाही. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, आमच्याकडे त्यानंतर कित्येक दिवस लाइट नव्हती. आली तरी दिवसातून दहा वेळा जायची-यायची. तेव्हा इन्व्हर्टरशी फार जवळची ओळख झाली. त्याची मागची बाजू बघा. बऱ्याच इन्व्हर्टरांना मागे एक छोटं बटण असतं, एकीकडे यूपीएस, दुसरीकडे नॉर्मल नाहीतर इको लिहिलेलं. नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला तो क्षणभर जास्त घेतो. पंख्याला ते कळत नाही, कॉम्प्युटर तेवढ्यात मान टाकतो. यूपीएसवर ठेवलं की काही मिलिसेकंदांत बदलतो.

पण एक खोच आहे. यूपीएसवर ठेवल्यावर तो दाबाबाबत नाजूक होतो. व्होल्टेज बरंच खाली आलं तर लाइट असूनही बॅटरीवर जाईल. तुमच्याकडे संध्याकाळी पिवळा उजेड पडत असेल तर बॅटरी उतरेल, लक्ष ठेवा. बॅटरीचं पाणीही बघा.

चिराखाण

आत्ता टॉर्च घेऊन इन्व्हर्टरच्या मागे डोकं घातलं. कोळिष्टकं, पालीची दोन फुटकी अंडी, आणि त्यामागे बोटाच्या पेराएवढं काळं बटण. नॉर्मलवर होतं. चार वर्षं नॉर्मलवर होतं!

बटण सरकवलं. मेन स्विच पाडून बघितला. पंखा किंचित कुरकुरला, कॉम्प्युटर ढिम्म हलला नाही. तीनदा पाडला. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, चौथ्यांदा पाडायची हिंमत झाली नाही.

माड_पोफळी

कॅलेंडरार तीन फुल्ये पडले आसतले.

फुकट_फौजदार

वाचनखूण साठवली. माझ्याही इन्व्हर्टरचं बटण बघायला हवं. (गिंपलाही लाइट लागते, हे मान्य.)

वाशिष्ठीकाठी

लग्नांची कॉपी झाली का?

चिराखाण

@वाशिष्ठीकाठी, रात्री लावून झोपलो होतो, सकाळी पूर्ण झालेली. दुसरी एक प्रत मेहुण्याकडे पाटणला पाठवतोय, तो परवा येतोय.

आताची परिस्थिती: सीवर ६२ जीबी मोकळी. खंड्या यांचं ऐकून स्क्रॅचमध्ये सी वर, डी खाली. नवा फ्लेक्स १०० वर केला, चेहरे आधी लहान करून. एफिशिअन्सी १०० वरून हलली नाही. ब्रश फिरवला की रेघ ब्रशबरोबर येते, हे मी विसरूनच गेलो होतो. दुकानातल्या मुलाला फोन करून रॅम नको म्हणून सांगितलं, तो जरा नाराज झाला.

सुरंगीचा_गजरा

छान झालं. पण १०० वरचा नमुना एकदा छापून बघा हं, बारीक नावं वाचता येतात का ते. बत्तीस जणांपैकी एकाचं जरी नाव पुसट आलं तर एफिशिअन्सी विचारायला कोणी येणार नाही.

चिराखाण

ताई, छापून बघितलं. अंगणात चिऱ्याला टेकवून रस्त्यावरून वाचलं, सगळी नावं स्वच्छ. फाइल छापायला गेली.

आत्ताच फोन आला. एक शुभेच्छुक राहिलाय.